नवव्या थरातली रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे, आणि मी कुठल्याच भिंतीत नाही. विटेला याहून मोठं दुःख नसतं. दगड एकटा शोभतो, झाड एकटं शोभतं. एकटी वीट मात्र कुठून तरी निखळून पडल्यासारखीच दिसते. मला पाहून लोक पहिलं हेच विचारतात, "ही कुठली?" त्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तर सांगायला बसले आहे.

मी भट्टीत भाजलेली नाही. एका शिवणकारखान्याला लागून, तिथे काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर बांधायचं होतं. त्याच्या पायाचा खड्डा खणला आणि निघालेल्या मातीतच वाळू नि थोडंसं सिमेंट कालवून, हातानं दाबायच्या यंत्रात आम्हाला पाडलं. धूर नाही, ट्रकच्या खेपा नाहीत. मग महिनाभर गोणपाटाखाली ठेवून आम्हाला रोज पाणी पाजलं. आमच्या गवंडीणबाई सकाळी आल्या आल्या, चहाच्याही आधी, गोणपाट उचलून हात लावून बघत.

"वरून वाळल्यात," त्या म्हणायच्या, "पण आतून अजून तान्ह्या आहेत. घाई केली तर जन्मभर कच्च्या राहतील."

दर शंभर विटांतली एक फोडून तिची ताकद तपासत आणि तिचा चुरा पुन्हा मातीत कालवत. मी पहिल्याच दिवशी पाडलेली. बाईंनी मला बाजूला काढलं आणि ओल्या अंगावर अंगठा दाबला. त्या खुणेचा अर्थ, ही मापाची वीट, हिला फोडायचं नाही. पुढची प्रत्येक खेप माझ्याशी ताडून बघत. रंग जुळतो का, कड सरळ आहे का. तेव्हा मला काय तोरा होता म्हणून सांगू!

बाईंची एक पद्धत होती. मापाची वीट सर्वांत शेवटी बसवायची, आणि तीही शिडीवर चढून नाही, जमिनीवर उभं राहून. त्यासाठी पाळणाघर आणि शिवणाचं दालन यांच्यामधल्या भिंतीत, खालून नवव्या थरात, त्यांनी माझ्यापुरती जागा सोडली होती. भिंत वर चढत गेली. माझ्या बहिणी एकेक करून आपापल्या जागी गेल्या. मी खाली बसून वाट बघत होते. एकच दिवस उरला होता.

त्याच दिवशी आर्किटेक्ट मॅडम धावत आल्या. निसर्गाला न ओरबाडता केलेल्या बांधकामांची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि आमचं पाळणाघर पहिल्या फेरीतून पुढे गेलं होतं. आता परीक्षकांना प्रत्यक्ष बांधकामातली एक वीट हवी होती.

"एखादी उरली असेल ना, मावशी?"

"उरेल कशी? अर्जात तुम्हीच लिहिलंत ना, एकही वीट वाया गेली नाही म्हणून? मोजून माती घेतली, मोजून विटा पाडल्या. यंत्र भाड्याचं, तेही परत गेलं."

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"तीन आठवड्यांत परत आणते," मॅडम म्हणाल्या. "शब्द देते."

बाईंनी मला स्वतःच्या ओढणीत गुंडाळलं. "ओलसर जागी ठेवू नका हिला," त्यांनी बजावलं. मग पुन्हा खोका उघडून कोपऱ्यांना कापूस लावला. मग पुन्हा एकदा उघडून बघितलं.

मित्रांनो, स्पर्धेच्या त्या दालनात मी काचेच्या पेटीत बसले होते. डावीकडे बांबूचा तुकडा, उजवीकडे जुन्या प्लॅस्टिकची फरशी. दूरदूरच्या देशांतून आलेलो आम्ही, पण पेट्या वेगवेगळ्या. बोलायची सोय नाही. पाच परीक्षक आले. एकानं माझ्यावरच्या अंगठ्याच्या खुणेवर भिंग धरलं.

"हे चिन्ह कशाचं प्रतीक आहे?"

मॅडम क्षणभर गोंधळल्या. "मातीशी असलेलं माणसाचं नातं," त्या म्हणाल्या, आणि परीक्षकांनी ते मान डोलवत लिहून घेतलं. गवंडीणबाई तिथे असत्या तर म्हणाल्या असत्या, "कसलं नातं नि कसलं काय! कुणी फोडू नये म्हणून खूण केलीय."

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग विजेत्यांचं प्रदर्शन गावोगावी फिरलं, आणि तीन आठवड्यांचं वर्ष झालं. शेवटी मी मॅडमच्या ऑफिसातल्या फळीवर येऊन बसले. शेजारी बक्षिसाचा काचेचा चषक होता; तो कुणाशी बोलत नसे. सुरुवातीला येणारा प्रत्येक जण मला हातात घेई. पुढे नकाशांच्या गुंडाळ्या उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवू लागले. पुसायला येणारी बाई चषक रोज पुसायची आणि माझ्याभोवतीनं फडकं फिरवायची. मातीला काय पुसायचं, असं तिला वाटत असणार.

सुट्टीच्या दिवशी ऑफिस बंद असे. तेव्हा मी मनातल्या मनात थर मोजत असे. आठव्या थरातल्या बहिणी माझ्या खाली, दहाव्यातल्या वर. नवव्यातली माझी जागा तशीच असेल का? की एव्हाना कुणी दुसरीच तिथे बसवली असेल?

कधीकधी फोन वाजे. "हो मावशी, लक्षात आहे. या महिन्यात नक्की." फोन ठेवला की मॅडम माझ्याकडे बघायचं टाळायच्या.

अशी तीन वर्षं गेली. मग एके दिवशी दुपारी गवंडीणबाई स्वतःच दारात उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते. हातात तीच ओढणी होती.

"लेकीला न्यायला आलेय."

"मावशी, अहो, बसा तरी! तुम्ही तिथे दुसरी वीट का नाही लावून घेतलीत?"

"कुठली लावू? भाजलेली? अर्जात लिहिलंत, एकही भाजलेली वीट नाही. मी ते खोटं पाडू?" बाई बसल्या नाहीत. "लोक मला विचारतात, गवंडीणबाई, वीट खाल्लीत की काय? हसतात. हसू देत. पण मी केलेलं काम अर्धं पडलंय, त्याचं काय?"

"खरंच चुकलं माझं. पण इथे कितीतरी लोक येऊन हिला बघतात हो..."

"हिला बघतात. आणि भिंत? बक्षीस मिळाल्यावर तुम्ही एकदा तरी बघायला आलात?"

मॅडम उठल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि बाईंच्या ओढणीत ठेवलं. "मी येते तुमच्याबरोबर," त्या हळूच म्हणाल्या.

पाळणाघराशी पोहोचताच बाईंनी घमेल्यात वाळू-सिमेंटचा माल कालवला. माझी जागा मला लांबूनच दिसली. रिकामीच होती! पण तिच्यापुढे मुलांची रांग लागली होती. एकेक जण त्या फटीला डोळे लावी, पलीकडे शिवणाच्या दालनात बघे आणि शहाण्यासारखा बाजूला होई.

"आई बघायची रांग आहे ही," तिथल्या सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या. "पूर्वी नवं मूल आलं की दिवसभर रडायचं. आता रडू आलं की इथे येतात. आई दिसली की खेळायला मोकळी."

रांगेच्या शेवटी एक ठेंगणी मुलगी होती. सगळे तिला ठमी म्हणत. तिची पाळी आली. टाचा उंचावल्या, उड्या मारल्या, पण डोळे फटीपर्यंत पोहोचेनात. तिचा चेहरा रडवेला झाला. तेवढ्यात तिला बाईंच्या हातातली मी दिसले, खाली घमेलं दिसलं, आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"बुजवू नका ना, आजी. मला अजून एकदापण दिसली नाही."

घमेल्यातला माल घट्ट होऊ लागला होता. मी बाईंच्या तळहाताला चिकटून होते आणि, खरं सांगते मित्रांनो, मी मनात म्हणत होते, बसवा मला, तीन वर्षं वाट पाहिलीय. पण मला जन्म देताना ज्या हातांनी महिनाभर पाणी पाजलं, ते हात काय करणार हे मला आधीच कळलं होतं.

बाई खाली वाकल्या. त्यांनी मला भिंतीच्या पायाशी, त्या फटीच्या बरोबर खाली ठेवलं. हलत तर नाही ना, ते दोन वेळा दाबून पाहिलं.

"चढ," त्या ठमीला म्हणाल्या. "भिंतीला धरून."

दोन इवलेसे पाय माझ्यावर उभे राहिले. थरथरत होते. वरून आवाज आला, "आई!" पलीकडे एक यंत्र क्षणभर थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

"मोजमाप पूर्ण झालं, मॅडम," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "लिहा अर्जात. एकही वाया गेली नाही."

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्या बहिणी भिंतीत एकमेकींना बिलगून आहेत. मी माझ्या जागेच्या दोन हात खाली, एकटी. संध्याकाळी आया मुलांना घेऊन गेल्या की इथे फार शांत होतं. पायांनी माझ्या कडा गोलावल्या आहेत, अंगठ्याची खूण तर आता मलाच जाणवते. ठमी उंच झाली, शाळेत गेली. दर वर्षी नवी ठेंगणी मुलं येतात आणि माझ्यावर चढतात, आणि पायाच्या थरथरीवरून मला कळतं की कुणाचा पहिला दिवस आहे.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. भिंतीच्या पायाशी एखादी एकटी वीट दिसली तर लाथेनं उडवू नका. कुणीतरी, कुणासाठी तरी, दोनदा दाबून बघून ती तिथे ठेवलेली असेल. तिच्यावर खुशाल चढा. फक्त उतरताना जरा हळू.