झिजलेलं चाक

“चिमे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ज्या विद्यापीठाच्या दारात जग रांग लावतं, त्याला तू नाही म्हणणार?”

पन्नाशी उलटली तरी दादाच्या लेखी ती चिमीच होती. तीस वर्षं मायक्रोस्कोप दुरुस्त करून तिने घर चालवलं, पण शिक्षणाचा विषय निघाला की तिचं मत कुणी विचारत नसे. लेकीला जीवशास्त्रासाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. पाच वाजेपर्यंत एकाला होकार कळवायचा होता आणि साडेतीन तर वाजून गेले होते.

“मामा म्हणतात ते खरं आहे गं, आई,” लेक हळूच म्हणाली. “केवढं नाव आहे त्यांचं!”

“बघ, पोरीला कळतं!” दादाची कळी खुलली.

आईने वाद घातला नाही. लेकीला मागच्या खोलीत कामाच्या टेबलापाशी नेलं आणि दोन मायक्रोस्कोप पुढ्यात ठेवले.

“डोळे मीट. हे फोकसचं चाक फिरव. आता हे.”

पहिलं चाक घट्ट होतं, मूळच्या ग्रीसमध्ये रुतून बसलेलं. कडेच्या खाचा बोटांना टोचत होत्या. दुसरं अलगद फिरलं. त्याच्या खाचा हात लागून लागून पार गुळगुळीत झाल्या होत्या.

“हा दुसरा जुना आहे ना?”

“दोन्ही एकाच वर्षीचे. बुडाशी साल कोरलंय, बघ.”

लेकीने उलटून बघितलं. खरंच होतं.

“घट्ट आहे तो तुझ्या नावाजलेल्या विद्यापीठाचा. दरवर्षी चाळीस येतात तपासणीला, चाळीसच्या चाळीस कोरे. पाहुणे आले की कपाटाबाहेर, गेले की आत. आणि हा त्या साध्या विद्यापीठाचा. त्यांची पोरं भिंगं फोडतात, रंग सांडतात, माझ्या नाकी नऊ आणतात मेली. आता कुठे शिकायचं ते तू ठरव.”

“अगं, विद्यापीठ काय चाकावरून निवडतात?” दादा दारातून ओरडला.

“तू इमारतीच्या फोटोवरून निवडलंस. मी चाकावरून.”

लेक अजून ते झिजलेलं चाकच फिरवत होती. चार वाजता तिने साध्या विद्यापीठाला होकार कळवला. दादा पायांत चपला सरकवून निघून गेला.

“आई, तुला इतकी वर्षं माहीत होतं. मग कुणाला बोलली का नाहीस?”

अकरा वर्षं त्या नावाजलेल्यांच्या अहवालात आई ‘उत्तम स्थितीत’ एवढंच लिहीत आली होती. खोटं नव्हतं ते, पण काम हातचं जाईल म्हणून पुढचं वाक्य ती गिळत होती. तिथे दुसऱ्यांच्या लेकी शिकत होत्या. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने यंदाचा अहवाल ओढला. ‘उत्तम स्थितीत’ लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘कारण वापरलेलेच नाहीत. विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत.’ सही ठसठशीत केली. पुढच्या वर्षी त्यांच्या मायक्रोस्कोपची खोकी आपल्या दारी येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“जा, कांदा घेऊन ये,” ती लेकीला म्हणाली. “परत पाठवण्याआधी यातून कुणीतरी काहीतरी बघू दे.”

लेकीने कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर पसरला, डोळा लावला आणि ते घट्ट चाक जोर लावून फिरवलं.