ध्रुवयानचा सातवा भाग

संघप्रिया रामटेके चिमूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात जुन्या टीव्ही मालिकांची सालटी काढायची. नागपूरहून निघणाऱ्या ‘जुना पडदा’ नावाच्या वेब-मासिकात अकरा वर्षं तिचं सदर चालू होतं. बाई लिहायची झणझणीत. एका नवशिक्या परीक्षकाने चारच भाग बघून तेरा भागांचं परीक्षण ठोकून दिलं, तेव्हा तिने त्याला चारचौघांत सुनावलं होतं, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लेखणी उचलू नये. ते वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की तिने ते सदराच्या माथ्यावर कायमचं टाकून दिलं.

आणि मग ‘ध्रुवयान’ आलं.

‘ध्रुवयान’ म्हणजे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराला रविवारी सकाळी सरकारी टीव्हीवर लागणारी अंतराळातली हिंदी मालिका. तिची दोन पर्वं होती. एक कप्तान, त्याचं पत्र्याचं यान आणि बावन्न नावाचा एक यंत्रमानव. एका कंपनीने ती धुऊन-पुसून मोबाइलवर आणायची ठरवली. दुसरं पर्व ज्या शुक्रवारी येणार, त्याच दिवशी परीक्षण हवं, असा संपादक विक्कीचा हट्ट. कंपनीने आगाऊ बघायला पाठवलेली लिंक काही उघडेना. इकडे परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे पडलेले. संघप्रियाने मनाशी म्हटलं, मी तर हे लहानपणी बघितलंय, मला कशाला लिंक लागते? उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं तिने आठवणीतूनच परीक्षण लिहिलं आणि पाठवून दिलं.

लिहिलं मात्र जीव ओतून. विशेषतः सातव्या भागाबद्दल. यान एका झाडांच्या ग्रहावर बंद पडतं. दुरुस्तीला लाकूड हवं असतं. कप्तान कुऱ्हाड उचलतो, तर बावन्न त्याला अडवतो आणि झाडासमोर उकिडवा बसून त्याला विचारतो, ‘घेऊ का?’ रात्रभर तसाच बसून राहतो. पहाटे झाड आपणहून एक फांदी खाली टाकतं. एकच, लागेल तेवढीच. ‘आपल्याकडच्या विज्ञानकथेने गाठलेली ही सर्वांत मोठी उंची,’ असं तिने लिहिलं होतं. ‘या एका भागाने मला विज्ञानाकडे ओढलं,’ असंही लिहिलं होतं, आणि ते तर खरंच होतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत वाचकांनी तिची पार हजामत केली. सातव्या भागात झाड नव्हतंच. प्लायवूडच्या एका खोलीत दोन अधिकारी चोरीला गेलेल्या सूत्रावरून पंचवीस मिनिटं भांडतात, एवढाच तो भाग. ‘मॅडमनी कोणत्या ग्रहावर बसून ही मालिका पाहिली?’ असं एकाने विचारलं. संघप्रिया चूक मान्य करणाऱ्यांतली नव्हे. तिने ताडकन उत्तर दिलं, की कंपनीने मूळ भाग कापलाय आणि मी त्यांना सोडणार नाही. संध्याकाळी अतुल नावाच्या नागपूरच्या एका संग्राहकाने त्या काळात घरी टेप केलेला सातवा भाग सगळ्यांसमोर ठेवला. तीच खोली, तेच दोन अधिकारी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने दुसरं पर्व बघितलेलंच नव्हतं. तिने ते ऐकलं होतं.

तिचं गाव येंगलटोला, अहेरीच्या अलीकडे जंगलात. त्या काळी गावात वीज नव्हती. टीव्ही होता तो नदीपलीकडच्या लाकूड डेपोत, दोन कोसांवर. तिथे लाकडं उचलायच्या कामाला जाणारा लालसू दर रविवारी तिकडे जाऊन ‘ध्रुवयान’ बघायचा आणि संध्याकाळी परत येऊन पोरांना ते अख्खं सांगायचा. अर्धं गोंडीत, अर्धं आपल्या झाडी बोलीत. यान उठलं की तो उठायचा, बावन्न चालला की गुडघे न वाकवता चालायचा. पहिल्या पर्वातले दोन भाग संघप्रियाने लालसूच्या खांद्यावर बसून जाऊन डेपोच्या ओसरीवर खरोखर बघितले होते. कप्तानाचा चेहरा, यान, बावन्नचे डोळे तिला तेव्हा मिळाले. बाकीची चित्रं लालसूच्या तोंडातून निघाली आणि पस्तीस वर्षांत ती तिच्या डोळ्यांत जाऊन बसली. झाड तोडायच्या आधी त्याला विचारायचं, ही तर लालसूच्या घरची, त्यांच्या सगळ्या टोल्याची, वाडीची रीत. ती रीत जन्मभर डोळ्यांपुढे असून तिने ती कोण्या मुंबईच्या लेखकाच्या खात्यावर जमा केली होती.

इथवर जे झालं ती चूक होती. पुढे जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही.

विक्की फोनवर म्हणाला, “मॅडम, माफीबिफी नको. काहीतरी मजेदार लिहा. लोक हसले की विसरतात.” संघप्रियाने एका बैठकीत ‘माझ्या गावचा थापाड्या’ नावाचा लेख लिहिला. त्यात लालसूचं नाव घातलं, गाव घातलं. तिसरीतून शाळा सोडल्याचं घातलं. त्याची बोली, त्याचं नाक ओढणं, त्याचं गुडघे न वाकवता चालणं, सगळं घातलं. एका अडाणी थापाड्याने एका शास्त्राच्या प्राध्यापिकेला पस्तीस वर्षं कसं उल्लू बनवलं, असा एकूण नूर. लेख झकास जमला होता, आणि तो झकास जमलाय हे तिला लिहितानाच कळत होतं. चाळीस हजार लोकांनी वाचला. जे तिला हसत होते ते आता लालसूला हसू लागले. विक्कीने एका नकलाकाराकडून तो वाचून घेतला आणि ती ध्वनिफीत मोबाइल-मोबाइलवरून पसरली. संघप्रिया सुटली. आठ दिवस तिला शांत झोप लागली, हे तिला नंतर सगळ्यांत जास्त बोचलं.

नवव्या दिवशी दीपिकाचा फोन आला. दीपिका ही लालसूची मुलगी, गावच्या अंगणवाडीत सेविका. ती भांडली नाही. म्हणाली, “ताई, बाबा बोलून नाई राह्यले. एकदा येऊन जा.”

संघप्रियाने आधी विक्कीला फोन करून लेख काढायला सांगितला. त्याने काढला. पण ध्वनिफितीचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, “ती आता आपल्या हातात कुठे राहिली, मॅडम?” मग ती एसटीत बसली. चिमूरहून निघून दोन गाड्या बदलल्या आणि अख्ख्या वाटेत ती एकच वाक्य घोळवत राहिली, ‘काका, माझं चुकलं.’ एवढं वाक्य पाठ करायला पदव्या कशाला लागतात, पण तिला ते काही केल्या नीट म्हणता येईना.

दीपिका फाट्यावरच उभी होती. धान निघाले होते, वाटेच्या दोन्ही बाजूंना खळी लागलेली. चालता चालता ती सांगू लागली.

“दरसाल मळणी झाली का बाबा खळ्यावर गोष्ट सांगते, तुले माहीत आहे. औंदा सांगाले बसले, तं पोरायनं मोबाइल लावला. त्यात तो माणूस बाबासारखं बोलत होता. सारे हासले. बाबाले पह्यले वाटलं, गोष्टीलेच हासून राह्यले, म्हून तेही हासले. मंग आपलं नाव आयकलं. उठून घरी आले. तवापासून तोंड उघडून नाई राह्यले.”



“आन् आणखी एक सांगतो, ताई,” दीपिका म्हणाली. “बाबानं पह्यलं पर्व पाह्यलं होतं. दुसरं पाह्यलंच नाई. डेपोवर नवीन बाबू आला होता. त्यानं ओसरीवरून उठवलं. म्हणे, तुमचे पाय लागते, घाण होते. बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राह्यले, तं खिडकी लावून घेतली.”

“मग दर रविवारी काका जायचे कुठे?”

“डेपोकडेच. पोरं वाट पाहते म्हणे. नदीवर जाऊन एकटेच बसत दिवसभर, आन् येता येता गोष्ट रचत. तेरा रविवार. आईले तेवढं सांगतलं होतं. आईनं मले सांगतलं.”

त्या पोरांत सगळ्यांत पुढे कोण बसायचं, हे संघप्रियाला कोणी सांगायला नको होतं. उशीर झाला तर नदीच्या वाटेवर जाऊन उभी राहायची ती हीच. दारातून उठवलं जाणं म्हणजे काय, हे तिच्या बापाने तिला जेवताना कितीदा सांगितलं होतं. बाबासाहेबांचा फोटो ज्या भिंतीवर होता, त्या भिंतीखाली बसून ती हे ऐकत वाढली होती. आणि तिने त्याच माणसाला चाळीस हजार लोकांच्या ओसरीवरून उठवलं होतं. तिला वाटलं, इथूनच परत फिरावं. पण दीपिका अंगणात शिरलीसुद्धा.

लालसू अंगणात बांबूच्या पट्ट्या काढत बसला होता. आता साठीच्या पुढचा, वाळलेला. तिला पाहून तो हातातला कोयता बाजूला ठेवून उभा राहिला. जन्मात कधी तो तिच्यासाठी उभा राहिला नव्हता.

“या, मॅडम,” तो म्हणाला. “दीपिका, खुर्ची आण.”

लहानपणापासून तो तिला ‘संघे’ म्हणत आला होता. त्या ‘मॅडम’ने तिच्या पाठ केलेल्या वाक्याचा गळाच धरला. ती खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसली. तरी तो उभाच. शेवटी तोच बोलला.

“माझी चूक झाली, मॅडम. लाहान पोरं होते तुमी, म्हून सांगतलं मी. तुमी ते मोठेपणी लिवान, हे मले का माहीत? लोकायनं तुमाले हासलं माझ्यापायी. नोकरीवर तं नाई ना आलं काई?”

“काका, चूक माझी आहे,” संघप्रिया म्हणाली. “मी न बघता लिहिलं. आणि स्वतःला वाचवायला तुमचं नाव पुढे केलं. मी परत लिहिते. सगळं खरं लिहिते. त्या बाबूचंही लिहिते.”

“नको,” तो चटकन म्हणाला. “लिवसान तं पुन्हा वाचतीन. पुन्हा माझं नाव. राहू द्या.”

तिला वाटलं होतं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. तेही नव्हतं. काय करावं हे न सुचून ती म्हणाली, “मग आज खळ्यावर गोष्ट सांगा. मी पुढे बसते. कोण हसतं ते बघते मी.”

लालसू खाली बसला. एक पट्टी उचलून तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला.

“पह्यले मी गोष्ट सांगत होतो तं मले समोरचे दिसत नोयते,” तो म्हणाला. “यान दिसे. झाड दिसे. आता तोंड उघडलं का पोरायचे तोंडंच दिसते. हासते का, म्हून पाहतो मी. असं पाहत पाहत नाई सांगता येत.”

वर्गात साठ-साठ पोरांपुढे घडाघडा बोलणारी बाई मान खाली घालून अंगणातले खडे बघत बसली. दीपिकाने चहा आणून ठेवला. तो निवला, त्यावर साय धरली, तरी कोणी हात लावला नाही.

मग लालसूनेच विचारलं, “ते खरं सातवं काय होतं?”

“काय?”

“सातवं. मी नाई पाह्यलं. तुमी आता मोबाइलवर पाह्यलं असान. सांगा ना.”

संघप्रियाला क्षणभर खोटं सांगावंसं वाटलं. सांगावं, की होतं काका, बरंचसं तुमच्यासारखंच होतं. पण आणखी एका खोट्याने या माणसाला झाकायचं तिचं धाडस झालं नाही. तिने सांगितलं. एक खोली असते. त्यात दोन अधिकारी असतात. एक म्हणतो, सूत्र तू चोरलं. दुसरा म्हणतो, तू चोरलं. मग घंटा वाजते. सांगून झालं तेव्हा दोन मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

तो कान देऊन ऐकत होता. ती थांबल्यावर आणखी काही येईल म्हणून वाट बघत राहिला.

“मंग?”

“मग काही नाही. संपतं.”

“बावन्न?”

“बावन्न त्या भागात नाहीच आहे, काका.”

लालसूने पट्टी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, हसू आलं नाही. एखादी गोष्ट आपल्याला समजली तशीच आहे ना, हे पडताळून बघणारा माणूस जसा बोलतो, तसं तो हळू म्हणाला, “म्हणजे मी सांगतलं ते बरं होतं, संघे?”

“फार बरं होतं, काका. त्याच्याहून बरं मी आजवर काही बघितलं नाही.”

“तं मंग तसं लिवाचं होतं,” तो म्हणाला.

एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. अकरा वर्षांत तिने शेकडो परीक्षणं लिहिली होती. कोणी काय चांगलं केलं आणि कोणी काय वाईट, हे सांगणं हाच तिचा धंदा होता. हा एक माणूस तिच्यासमोर आला, तर तिने त्याला थापाड्या लिहिलं. तिला रडू येऊ लागलं, पण या अंगणात बसून रडायचीही तिला लाज वाटली. पाचची गाडी चुकेल, असं दीपिकाने दोनदा सांगितलं. ती उठली, निघते म्हणाली, आणि लालसूने वर न बघता मान हलवली.