नाव सुचवलं त्याची गोष्ट

गंगापूर रोडवरच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. अध्यक्ष व्हायला कुणीच तयार होईना, तेव्हा सरोजिनीबाई उठल्या. बाई इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. मुलगा गौरांग याच्याजवळ राहायच्या. समोरच्या फ्लॅटमधले नाना सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर एकटेच. रोज संध्याकाळी बाईंकडे चहाला यायचे.

"नानांचं नाव मी प्रपोज करते," बाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी ओरडलं, "नाव कशाला? नानांनाच करा की!"

हशा पिकला. बाईंमधली शिक्षिका जागी झाली. "अहो, मूळ लॅटिन शब्द आहे. प्रो म्हणजे पुढे, पोनेरे म्हणजे ठेवणं. एखादी गोष्ट सगळ्यांपुढे ठेवायची, एवढाच अर्थ. लग्नाची मागणी वगैरे फार नंतर आलं."

"चहा तर रोजच ठेवता त्यांच्यापुढे!"

आता बायकाही हसल्या. गौरांगने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. बाईंनी नानांकडे पाहिलं. माणूस स्पष्टवक्ता, एका वाक्यात सगळ्यांना गप्प करील, अशी त्यांची खात्री होती.

नाना उठले. "गैरसमज नको," घसा साफ करत ते म्हणाले. "मी आपला शेजारी म्हणून जातो. त्याच बोलावतात."

बाई खाली बसल्या. कुणीतरी अनुमोदन दिलं, टाळ्या पडल्या आणि नाना अध्यक्ष झाले.

घरी आल्यावर गौरांग म्हणाला, "आई, शब्द तरी जपून वापरायचा."

"शब्द बरोबर होता."

"लोक काय अर्थ काढतात ते बघायचं असतं."

आठवडाभराने नानांनी बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"लोक विसरलेसुद्धा," नाना म्हणाले. "बाई, त्या वेळी मला काही सुचलंच नाही हो."

"सुचलं की. मी बोलावते, हे बरोबर सुचलं."

नाना चपलांकडे बघत उभे राहिले. काहीतरी बोलतील म्हणून बाई थांबल्या, अगदी मनापासून थांबल्या. शेवटी बाईंनी दार लावलं.

आता लिफ्टमध्ये गाठ पडली की दोघं पाण्याच्या टँकरबद्दल बोलतात. संध्याकाळी मात्र बाई टीव्हीचा आवाज मोठा करून बसतात. बेल वाजलीच, तर ऐकू येऊ नये म्हणून. आणि वाजली नाही, तर ते कळू नये म्हणूनही.