जुन्या मशीनमधला प्रसेनजित

"चालून नाही राह्यला ताई," कुलदीप म्हणाला. "लय करून पाह्यलं."

महामायेने पडद्याकडे तोंड वळवले. ती जन्मांध, पण बोलणाऱ्याकडे तोंड करायची सवय होती, आणि या टेबलावर तिच्याशी बोलायचा तो कॉम्प्युटरच.

जळगाव जामोदच्या तहसीलसमोर तिचे अर्ज टाइप करून देण्याचे दुकान होते. ती कळ दाबायची आणि कॉम्प्युटर अक्षर बोलायचा, ओळ संपली की सगळी वाचून दाखवायचा. आवाज तिच्या धाकट्या भावाचा, प्रसेनजितचा. बाजारात मिळणाऱ्या तयार कॉम्प्युटर-आवाजांचे मराठी त्याला ऐकवत नव्हते. म्हणून त्याने डोक्यावर गोधडी घेऊन अख्खी बाराखडी आपल्याच आवाजात भरली आणि अक्षरे जोडून बोलणारा प्रोग्राम लिहिला. बोलणे तुटकच व्हायचे, पण माणूस घरचा होता. पुढे खामगाव रस्त्यावर ट्रकने त्याला उडवले. आवाज मात्र दुकानात राहिला आणि वारसनोंदीचे, रेशनकार्डाचे अर्ज वाचत राहिला. "मेल्यावरही तहसीलची कामं सुटली नाही बिचाऱ्याची," असे म्हणून महामाया हसायची. तिची आई, चांगुणाबाई, हसत नसे. दुपारी डबा घेऊन यायची आणि लेकीचा आणखी एखादा अर्ज होईपर्यंत स्टुलावर बसून राहायची.

गेल्या आठवड्यात मशीनचा बोर्ड जळला. अकोल्याच्या एका छापखान्याने काढून टाकलेले ते मशीन, आणि त्या जातीचा प्रोसेसर कंपनीने कधीच बंद केलेला. प्रसेनजितचा मित्र म्हणून कुलदीपने खामगाव, अकोला सगळे पालथे घातले. तसले मशीन कुठे मिळाले नाही. शेवटी त्याच कंपनीचे, नव्या प्रोसेसरचे मशीन आणून त्याने जळण्यातून बचावलेल्या डिस्कमधले सगळे त्यावर चढवले. सिस्टीम तीच, फायली त्याच. जो महामायेला कधी दिसणार नव्हता, तो पडद्यावरचा बुद्धांचा फोटोसुद्धा आला. नव्या मशीनला स्वतःचा एक आवाज होता, गोड बोलणाऱ्या बाईचा.

"प्रसेनजितचा प्रोग्राम जुन्या प्रोसेसरपुरता तयार केलेला आहे," कुलदीप म्हणाला. "या प्रोसेसरले तो समजतच नाही. त्यानं हातानं लिहिलेला मूळ कोड असता, त इथं नव्यानं तयार करता आला असता."

तो कुठे होता हे दोघांनाही माहीत होते. मूळ कोड प्रसेनजितच्या लॅपटॉपात होता. तो गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी चांगुणाबाईने तो लॅपटॉप विहाराच्या अभ्यासिकेला दान दिला. "दुसऱ्याच्या लेकराले द्याचा हाये, साफ करून दे बापू," असे तिनेच सांगितले होते. आणि कुलदीपने तो साफ पुसून दिला होता.

तेवढ्यात चांगुणाबाई डबा घेऊन आली. नव्या मशीनकडे पाहत स्टुलावर बसली.

"काऊन बोलून नाही राह्यला तो?"

कुलदीपने समजावले. तिला प्रोसेसर कळला नाही, मूळ कोड मात्र नेमका कळला.

"त्याच्या लॅपटॉपात असंल ना मंग?" तिने हळूच विचारले. "मी दान देल्ला त्याच्यात?"

कुलदीपने तोंड उघडले. महामायेने चाचपून त्याचे मनगट धरले.

"नाही माय. त्याच्यात नव्हतंच काही. सगळं त्याच्या डोक्यात होतं."

रोज सकाळी पंचशील म्हणणारी महामाया आईशी इतके सरळ खोटे आयुष्यात पहिल्यांदा बोलली. तिला लाज वाटली, आणि तरी ती पुन्हा तेच बोलली असती.

"बरं झालं," चांगुणाबाई म्हणाली. "मले वाटलं, मीच पुसला त्याले."

कुलदीप उठून दारात जाऊन उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "आवाजाच्या फायली आल्या हायेत ताई. एकेक अक्षर वाजते. फक्त जोडून नाही बोलणार."

महामायेने बाणाची कळ दाबत दाबत फायली शोधल्या. "मा," मशीनमधली बाई म्हणाली. महामायेने फाइल उघडली.

"मा," प्रसेनजित म्हणाला. मागे गोधडीची खसफस ऐकू आली.

चांगुणाबाईच्या मांडीवरचा डबा हलला.

पुढचे अक्षर यादीत बरेच खाली होते. महामाया कळ दाबत गेली आणि बाई एकेक नाव सांगत गेली. मि, मी, मु, मू. चांगुणाबाई पुढे वाकली. आपला मुलगा काय म्हणणार आहे हे तिला कळले होते. मे, मै, मो, मौ. य.

महामायेने फाइल उघडली.

"य," प्रसेनजित म्हणाला.

"ओ," चांगुणाबाईने उत्तर दिले, आणि तो पुढे काही बोलेल म्हणून थांबून राहिली.