सातातला सातवा

माझी जागा ज्याने घेतली तो माझ्या जागेवर खेळतच नव्हता. हे दुखणं सांगून कुणाला कळत नाही. माझा सासरा अजून विचारतो, "अरे वेस, तो पोरगा चेंडू घेऊन पळणारा, तू पळणाऱ्याला पाडणारा. मग त्याच्यामुळे तू कसा बाहेर बसलास?" मी दर वेळी टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून त्याला समजावतो, आणि दर वेळी समजावता समजावता माझ्याच अंगाचा तिळपापड होतो.

तर ऐका. आमच्या कॅनडातल्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा तो फुटबॉल, सामना सुरू होताना प्रत्येक संघाचे चोवीस जण धरतात. बारा चढाईचे, बारा बचावाचे. त्या चोवीसांत निदान सात तरी कॅनडाचे हवेत, बाकीचे खुशाल अमेरिकेतून आणा. ते आणतातच. आणि खोटं कशाला बोलू, ते आमच्यापेक्षा चांगले असतात. सात हा आकडा नसता तर आमच्यासारख्यांना कुणी दारात उभं केलं नसतं. मग कोच लोक काय करतात? आपला माणूस ठेवला तर कमीत कमी नुकसान होईल अशा सात जागा शोधतात. त्यातली एक म्हणजे सेफ्टी. बचावात सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा माणूस. सॅस्काटून हार्वेस्टर्सचा हा शेवटचा माणूस नऊ वर्षं मी होतो. कमीत कमी नुकसान म्हणून का होईना, पण होतो.

मग आला एल्टन ओफोरी. वय तेवीस, गाव ब्रॅम्प्टन, आईबाप घानाचे, जन्म मात्र अस्सल इथला. चेंडू घेऊन पळण्याची जागा ही अमेरिकनांची वतनदारी. तिथे आपला पोरगा कुणी स्वप्नातसुद्धा धरत नाही. आणि हा असा पळायचा की समोरचे नुसते गवत धरून राहायचे. दुसऱ्या आठवड्यात कोचने त्याला सुरुवातीला उतरवलं. आता मोजा. तो सातातला एक झाला. म्हणजे आधीच्या सातांतला एक मोकळा झाला, त्याच्या जागी आता अमेरिकन चालणार. कोण मोकळा झाला असेल?

अलाबामाचा मॉन्टे नावाचा एक पोरगा माझ्या जागी आला. त्याच्यावर मी कधी जळलो नाही. तो माझ्यापेक्षा वेगवान होता, विषय संपला. पण ओफोरी! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. अमेरिकनाने जागा घेतली असती तर मी त्या अमेरिकेला शिव्या घालून मोकळा झालो असतो. ही जागा आपल्याच माणसाने घालवली होती, तीही चांगलं खेळून.

आणि तो राहायचा कुठे? माझ्या घराच्या तळघरात.

ही शेल्बीची करणी. शेल्बी माझी बायको. दर वर्षी एखादा नवा पोरगा आम्ही तळघरात ठेवतो, इथल्या जुन्या खेळाडूंची तशी पद्धतच आहे. मे महिन्यात तो आला तेव्हा मीच त्याला हीटर कसा लावायचा, हिवाळ्यात गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून त्याची विजेची वायर कुठे खोचायची ते दाखवलं होतं. जुलैत मी बेंचवर होतो. आता त्याला जा म्हणायचं कसं? म्हटलं असतं तर गावभर झालं असतं की वेस हॅवरिलकच्या पोटात दुखतंय. दुखत होतंच, पण ते गावाला कशाला?

माझ्या आईने ऑक्टोबरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला पेरोगी केल्या, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्याच म्हणा. हॅवरिलकांच्या घरात तीन पिढ्यांत एका बैठकीत सर्वांत जास्त पेरोगी खाण्याचा मान माझा. ओफोरीने सत्तावीस खाल्ल्या. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असं खाणारं माणूस घरात असावं!" मी तिच्यासमोर तेहेतीस वर्षं खातोय, मला ती असं कधी म्हणाली? त्यातच माझी सात वर्षांची पोरगी मार्नी म्हणाली, "बाबा, मला वाढदिवसाला एल्टनच्या नंबराचा शर्ट पाहिजे."

"घरात माझे चार पडलेत की!"

"ते सगळ्यांकडे आहेत."

ओफोरी हसला नाही. तो म्हणाला, "मार्नी, तुझ्या बाबांचाच घाल. माझाही तोच होता, मी पंधरा वर्षांचा असताना." त्याने मन राखलं की मीठ चोळलं, मला आजवर ठरवता आलेलं नाही. माझ्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या.

आता खरं ते सांगून टाकतो. त्या मोसमात मी बाजूच्या रेषेवर उभा राहून एकच गोष्ट बघत होतो. ओफोरीला पाडलं की तो उठतो का. दर वेळी तो उठायचा, आणि दर वेळी माझ्या आत काहीतरी खाली बसायचं. त्याचं हाड मोडावं असं मी कधी मागितलं नाही, एवढा काही मी हा नाही. एखादा स्नायू. एखादा घोटा. दोन आठवड्यांचं काहीतरी मागत होतो.

माझा करार त्या मोसमाअखेर संपत होता. उपांत्य सामन्यात सुरुवातीला उतरलो असतो तर पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी बोलावलं असतं. नाहीतर सासऱ्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि काउंटरमागचं स्टूल. सासरा ते स्टूल पुसूनच बसला होता.

उपांत्य सामना नोव्हेंबरच्या रविवारी, आमच्याच मैदानावर होता. त्या आधीच्या मंगळवारी दुपारी मी गॅरेजमध्ये टायर बदलत होतो. ओफोरी आला आणि उलट्या केलेल्या बादलीवर बसला.

"काय रे, भूत बघितलंस?" मी म्हटलं.

"म्हातारबा, एक सांगू? कुणाला बोलणार नाहीस ना?"

"सांग तर आधी."

"शनिवारचा सामना. तिसऱ्या भागात मला तो दणका बसला ना... त्यानंतरचं मला काही आठवत नाही. बसमध्ये बसलो ते आठवतं. मधलं काहीच नाही."

मी पाना खाली ठेवला. "डॉक्टरने विचारलं नाही?"

"विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. स्कोअर बोर्डावर होताच, वाचून सांगितला." त्याने डोळे चोळले. "कालपासून दिवा लावला की उलटी येते. आज सरावात मला दोन चेंडू दिसत होते. मी उजवीकडचा पकडत होतो. बहुतेक वेळा तोच खरा निघाला."

तो हसला. मला हसू आलं नाही. पण आलं काय, तेही सांगतो. पहिल्यांदा मनात आलं, अरे देवा, पोराच्या डोक्याला लागलंय. आणि लगेच, त्याच श्वासात, दुसरं आलं. सात वजा एक.

"कुणाला सांगू नकोस," तो पुन्हा म्हणाला. "तुला शपथ आहे. उपांत्य सामना आहे."

"नाही सांगत," मी म्हटलं.

बुधवारी सांगितलं नाही. गुरुवारीही नाही. दोन दिवस मी नुसता हिशेब मांडत होतो. ओफोरी गेला तर त्याच्या जागी पळणारा राखीव कॅनेडियन होता, पण तो स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडणारा. कोच त्याला उतरवणं शक्य नव्हतं. म्हणजे पळायला अमेरिकन येणार. म्हणजे सातातला एक कमी पडणार. म्हणजे कुठेतरी एक अमेरिकन बेंचवर बसवून कॅनेडियन उभा करावा लागणार. नऊ वर्षांचा अनुभव असलेला तयार कॅनेडियन कोण? मी उलटसुलट मोजून बघितलं, दर वेळी उत्तर हॅवरिलकच येत होतं.

आणि मजा बघा. सांगणं हेच बरोबर होतं! असल्या डोक्याने तो खेळला असता तर पुढच्या दणक्याला काय झालं असतं कोण जाणे. कुणीही भला माणूस सांगेल. म्हणजे भल्या माणसाने जे करावं तेच माझ्या मतलबाचं होतं. इतकी सोय देव कुणाची करत नाही. मी शेल्बीला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, सांग. मग मी कशाला विचारू? मला भीती होती ती तिने पुढे विचारलं असतं त्याची, की मंगळवारीच का नाही सांगितलंस.

शुक्रवारी सकाळी कोच ब्रॅनिगनच्या खोलीत गेलो. हा टेक्सासचा माणूस, वीस वर्षं इथे राहूनही नोव्हेंबरला शिव्या देतो. भिंतीवर पाटी होती, प्रत्येकाच्या नावाची पट्टी. कॅनेडियन लाल, अमेरिकन निळ्या.

"कोच, ओफोरीच्या डोक्याला लागलंय. त्याला दोन दोन दिसतंय. तो लपवतोय."

"हे तुला त्याने सांगितलं?"

"हो."

"आणि तू मला सांगतोयस."

"त्याच्या भल्यासाठी," मी म्हटलं. हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा मलाच लाज वाटली.

"त्याच्या भल्यासाठी," ब्रॅनिगन म्हणाला. "बरं केलंस." आणि त्याने डॉक्टरला फोन लावला.

दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. डॉक्टरने ओफोरीला उरलेला मोसम खेळायला बंदी केली. लॉकर रूममध्ये कुणी मला तोंडावर काही बोललं नाही. फक्त आमचा क्यूबेकचा विन्सेंट द्यूबे, पळणाऱ्याला वाट करून देणाऱ्या पुढच्या फळीतला राखीव गार्ड, नाकासमोर चालणारा बावीस वर्षांचा पोरगा, सरळ विचारून गेला, "वेस, आता सेफ्टीला तू ना?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी बूट बांधत राहिलो. बांधलेलेच होते.

सामन्याची यादी शनिवारी दुपारी लीगकडे जाते. त्याआधी ती दाराला लागते. मी बघायला गेलो नाही, मुद्दाम. दहा मिनिटांनी गेलो. सेफ्टी: मॉन्टे. मी डोळे चोळून पुन्हा वाचलं. पळायला ह्यूस्टनचा एक अमेरिकन, सरावाच्या तुकडीतून वर काढलेला. मग सातवा कोण? वरून खाली बोट फिरवत गेलो. डावा गार्ड: द्यूबे.

मी तडक ब्रॅनिगनकडे. "कोच, हे काय? द्यूबे? तो अजून दाढी करायला शिकतोय!"

"पण ढकलतो छान. गार्डचा अमेरिकन बेंचवर बसवला, द्यूबे लावला. सात झाले." त्याने मान वर केली. "हे महिनाभरापूर्वीच ठरलं होतं, वेस. ओफोरी पडला तर द्यूबे. मॉन्टेला मी हलवणार नव्हतो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगायचं होतं?"

हे बोलताना त्याचा आवाज अजिबात वाईट नव्हता. तेच जास्त लागलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. शब्द मोडला, नाव घालवलं, आणि जागा मिळाली एका पोराला, ज्याला ती मागायचंही सुचलं नव्हतं.

रविवारी आम्ही जिंकलो. ह्यूस्टनवाला द्यूबेच्या पाठीमागून असा पळत होता की स्टेडियम थंडी विसरलं. मी चार वेळा मैदानात गेलो, किकनंतर धावत जायला. एकदा चेंडूवाल्याला पाडलंही. माझं नाव भोंग्यावर चुकीचं उच्चारलं, नऊ वर्षांनंतर.

चारला घरी आलो. ओफोरी तळघरात होता, पडदे ओढून, कपाळावर ओला टॉवेल घेऊन. त्याला आवाज नको, उजेड नको, टीव्ही नको. शुक्रवारपासून आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी पायरीवर बसलो.

"जिंकलो," मी हळू म्हटलं.

"शेल्बीने सांगितलं. द्यूबे खेळला म्हणे."

"हो. द्यूबे."

मला वाटलं आता शिव्या घालेल. घालाव्यात असं फार वाटत होतं. नाही घातल्या, तेव्हा मीच सुरू झालो.

"एल्टन, ऐक. सगळे म्हणताहेत मी तुझं डोकं वाचवलं. तुझ्या आईचा फोन आला होता शेल्बीला, रडत होती, मला आशीर्वाद देत होती. तसं काही नाहीये. मी जळत होतो. जूनपासून जळतोय. मला तुझी जागा नको होती, मला माझी हवी होती, आणि ती तुझ्या अंगावरून जात होती. म्हणून सांगितलं. तू शपथ घातली होतीस, मी मोडली. एवढंच."

त्याने टॉवेल बाजूला केला. अर्धवट डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"म्हातारबा, संघात साठ माणसं आहेत. मी तुलाच येऊन का सांगितलं असेल?"

"तळघरात राहतोस म्हणून."

"वेडा आहेस." त्याला बोलायला त्रास होत होता. "मला भीती वाटत होती रे. मंगळवारी मला माझ्या गल्लीचं नाव आठवेना. पण मी स्वतः जाऊन सांगितलं असतं तर जन्मभर लोक म्हणाले असते, उपांत्य सामन्याला ओफोरी घाबरला. बाकी कुणाला सांगितलं असतं तर त्याने माझी शपथ पाळली असती. सगळे चांगले आहेत. तू सांगशील हे मला पक्कं माहीत होतं. तीन दिवस कसे लावलेस तेच कळलं नाही."

"पक्कं कसं माहीत?"

"मी मैदानावर पडलो की आपल्या बाजूचे सगळे, मी उठावं म्हणून, एक गुडघा टेकून बसतात. मी जमिनीवरून बघतो ना." त्याने टॉवेल पुन्हा डोळ्यांवर ओढला. "तू एकटा उभा राहून हेल्मेट चढवत असतोस."

खरं सांगतो, मी असं करत होतो हे मला ठाऊकच नव्हतं.