ग्लेनिस पार्किनची चूक

ग्लेनिस पार्किन गेली त्याला पाच आठवडे झाले, तेव्हा विद्यापीठातला तिचा सहकारी स्टॅव्ह कॅलास तिच्या कॅसेटी न्यायला आला. तिनेच तसं लिहून ठेवलं होतं : माझ्याकडे बोलायला आलेल्या माणसांच्या सगळ्या कॅसेटी स्टॅव्हने न्याव्यात, नष्ट कराव्यात, घरच्यांनी ऐकू नयेत.

घरची म्हणजे एकटी नॅरेल, तिची मुलगी.

स्टॅव्ह आत आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना कॅसेट प्लेअर होता, आणि त्यात एक कॅसेट घातलेली होती.

"लावलीस?"

"नाही."

"किती दिवस आहे ही अशी?"

"आठ." नॅरेल उठून चहाचं पाणी ठेवू लागली. "तुझा विश्वास नसेल तर उलटतपासणी घे."

"तुझ्यावर विश्वास नसता तर कुलूप लावून गेली असती ती," स्टॅव्ह म्हणाला, आणि खोकी उचलायला लागला.

वीस वर्षं शाळाशाळांतून मुलांच्या चाचण्या घेतल्यावर, पन्नाशीला टेकलेली ग्लेनिस सिडनीच्या एका विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी झाली. कोचिंगचं मानसशास्त्र हा विषय तेव्हा इतका नवा होता, की ख्रिसमसच्या जेवणाला तिचा भाऊ बॅरी दरवर्षी विचारायचा, "काय गं, शिट्टी मिळाली का? यंदा कुठल्या टीमला पळवतेस?" पुढे ती तिथेच तो विषय शिकवू लागली. आजारी नसलेल्या, पण कुठेतरी अडकून पडलेल्या माणसासमोर बसायचं. सल्ला द्यायचा नाही. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. खाणीतले मुकादम, मुख्याध्यापिका, हॉस्पिटलांचे अधिकारी तिच्यापुढे तासतासभर बोलत. परगावी कुठे नॅरेलने आईचं नाव सांगितलं, की कोणी ना कोणी म्हणे, "तुझ्या आईनं मला एकच प्रश्न विचारला होता..."

नॅरेलला तिने तो कधी विचारला नाही. लग्न मोडलं तेव्हा नॅरेल बॅग घेऊन याच टेबलाशी येऊन बसली होती. म्हणाली होती, "मम, मला त्यांच्यासारखं विचार ना काहीतरी." ग्लेनिसने चीज घालून टोस्ट भाजला. टोस्टच्या शेजारी स्टॅव्हचा फोन नंबर ठेवला. "घरच्या माणसांना मी कोच करत नाही, बाळा. करूही नये." तो टोस्ट न खाता नॅरेल उठली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला निघून गेली. पुढची दोन वर्षं दोघींमध्ये ख्रिसमसची कार्डं आणि एक फोन, एवढंच होतं. नंतर येणंजाणं सुरू झालं, पण त्या संध्याकाळचा विषय दोघींनीही काढला नाही.

"मला काही गुपितं नकोत, स्टॅव्ह. लोकांना मम कशी विचारायची, तेवढं ऐकायचंय. एकदा."

स्टॅव्हने खोकं खाली ठेवलं. "या नाही ऐकवता येणार. पण विभागात एक आहे. त्या माणसानं शिकवण्यासाठी लेखी परवानगी दिली होती. गुरुवारी वर्गात लावणार आहे मी. येऊन मागे बस." मग खोकं पुन्हा उचलत म्हणाला, "आधीच सांगतो, तिचं उत्तम काम नाहीये ते. पण ती कॅसेट वर्गासाठी तिनेच निवडलेली आहे."

गुरुवारी वर्गात बाराजण होते. नॅरेलनेही त्यांच्यासारखी गुप्ततेच्या कागदावर सही केली. आडनाव लग्नातलंच राहिलं होतं, त्यामुळे कोणी वळून पाहिलं नाही.

"चौदा ऑगस्ट दोन हजार चार," कॅसेट म्हणाली. नॅरेलने बाकाची कड धरली. आवाज ममचा, पण तरुण होता, थोडा पडशाने भरलेला.

रेग नावाचा एक मुकादम बोलत होता. बढती मिळाली, जुने सोबती आता डबा घेऊन शेजारी बसत नाहीत. मग त्याचं बोलणं मुलीवर आलं. ती ब्रिस्बेनला, वर्षभर बोलणं नाही, चूक तिची का आपली तेही आता आठवत नाही. तो थांबला. कॅसेटही थांबल्यासारखी झाली.

"बंद पडलं का हो?" एकाने विचारलं.

"नाही," स्टॅव्ह म्हणाला. "काम करतेय ती."

बराच वेळ नुसतं खुर्चीचं कुरकुरणं. आणि मग ग्लेनिसचा आवाज, घाईघाईने : "तिला फोन करा, रेग. आजच करा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी करा."

स्टॅव्हने कॅसेट थांबवली. "काय चुकलं?"

"सल्ला दिला," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "तोसुद्धा हुकूम सोडल्यासारखा."

"त्याचं उत्तर येतच होतं. हिलाच दम निघाला नाही."

"ती त्याच्याशी बोलतच नव्हती. स्वतःचंच काहीतरी मध्ये आणलं."

"बरोबर," स्टॅव्ह म्हणाला. "स्वतःच्या कामाच्या तपासणीच्या कागदावर तिनेही हेच लिहिलंय : इथे मी माझंच बोलले."

त्या दोन वर्षांतला तो एकच फोन पर्थला आला होता, तो याच ऑगस्टमध्ये. लिंबाच्या झाडाला कीड लागलीय, असं ममने सांगितलं होतं. आणि मग काहीच बोलली नव्हती. नॅरेल पलीकडून काही येतंय का म्हणून थांबली होती, अन् शेवटी म्हणाली होती, "मम, मी कामात आहे गं."

"मागच्या बाकावर कोणाला काही म्हणायचंय?" स्टॅव्हने तिच्याकडे न बघता विचारलं.

"मला ती चूक वाटली नाही," नॅरेल म्हणाली.

पहिल्या बाकावरची मुलगी वळली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "पण परीक्षेत मार्क जातात त्याचे."

"जातात," स्टॅव्ह म्हणाला. "पुढे ऐका. ती कशी सावरते बघा."

त्याने बटण दाबलं.

"माफ करा, रेग," ग्लेनिस म्हणाली. आवाज आता नेहमीचा, संथ झाला होता. "ते माझं होतं, तुमचं नव्हतं. आपण जरा मागे जाऊ या."

नको जाऊस, नॅरेलच्या मनात आलं. पण ममने पुढचा प्रश्न विचारायला घेतलाही होता, आणि रेग उत्तर देत होता.