न उकरलेला वाफा

रजेच्या अर्जात मी 'घरगुती कारण' लिहिलं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "नऊ दिवस! कुठे निघालीस फिरायला?"

"मागच्या अंगणात," मी म्हटलं.

तिला हसू आलं, मला नाही. स्वयंपाकघराच्या मागचा तो बारा पावलांचा तुकडा घरमालकीण काकूंनी आम्हाला वापरायला दिला होता आणि तिथे गुडघाभर तण माजलं होतं. काकूंनी खाली येऊन स्पष्ट सांगितलं, "तुझी रजा संपेपर्यंत काही उगवलं तर ठीक. नाहीतर सोमवारी फरशीवाला येतोय. डास पोसायला नाही दिली मी जागा." आमच्या लेकीच्या पायांना लागेल अशी माती घराजवळ तेवढीच होती.

पहिले तीन दिवस तण उपटण्यात गेले. प्रत्येक रोपटं विषारी तर नाही, हे मी आधी फोटो काढून मोबाईलवर शोधायची. सासूबाई नातीला मांडीवर घेऊन दारात बसलेल्या. "फोटो कसले काढतेस? लग्न जमवायचंय का त्याचं?" तळहाताला फोड आले, काचेचे चार तुकडे सापडले, ते बघून मी सगळी माती पुन्हा एकदा बोटांनी चाळली. चौथ्या दिवशी वाफा करून मुळ्याचं बी पेरलं. पाकिटावर लिहिलं होतं : उगवण चार ते सहा दिवसांत.

खरी परीक्षा त्यानंतर होती. गेल्या वर्षी मी दोनदा पेरलं आणि दोन्ही वेळा काही आलं नाही. माती वाईट, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की लेक झोपली की तिचा श्वास चालू आहे ना, हे मी नाकाशी बोट धरून बघते, तसंच बियांचं केलं होतं. रोज चमच्याने उकरून बघायची. कोंब फुटलेलं बी माझ्याच हातून मोडलं होतं.

शुक्रवारी दुपारी वाफा तसाच काळाभोर. लेक झोपली होती. मी चमचा घेऊन उकिडवी बसले.

"चमचा इकडे दे," मागून सासूबाई.

"एकच बघते, आई. कडेचं."

"मागच्या वेळीही कडेचंच बघायचीस. खिडकीतून दिसतं मला."

म्हणजे यांना माहीत होतं! कान तापले माझे. चमचा देऊन टाकला. रात्री जेवताना दुसरा मागितला तर नवरा म्हणाला, "कशाला हवाय ते आधी सांग."

शनिवारी मातीला एक बारीक भेग दिसली. मुंग्यांनी बी नेलं असेल? सडलं असेल? बोट अगदी भेगेपर्यंत गेलं. मागे घेतलं. झारीने पाणी शिंपडलं, आत गेले आणि दाराला कडी लावली.

रविवारी सकाळी कडी काढली आणि किंचाळलेच. नवरा तोंडात ब्रश तसाच धरून धावत आला; त्याला वाटलं, लेक पडली. वाफ्यात तीन सरळ ओळी उभ्या होत्या. वाकलेल्या माना, दोन-दोन पानं, काहींच्या डोक्यावर अजून मातीचं ढेकूळ. एकही मी उकरलेलं नव्हतं!

तेवढ्यात काकू फरशीवाल्याला उद्याच्या कामाचं माप दाखवायला घेऊन आल्या. तो पट्टी उलगडत म्हणाला, "हे गवत काढावं लागेल आधी."

"गवत नाही, मुळा आहे," काकूंनीच त्याला झापलं. वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जिन्याचं माप घे तू. पायऱ्या फुटल्यात."

लेक अनवाणी बाहेर आली आणि ओल्या मातीत फतकल मारून बसली. मी तिला उचललं नाही. उलट काकूंना म्हटलं, "भिंतीपाशी तुमच्या मोडक्या खुर्च्या आहेत ना, त्या हलवा. तिथे मला टोमॅटो लावायचेत."

"फारच चढलीस की गं!" काकू म्हणाल्या आणि एका खुर्चीचे दोन पाय त्यांनी स्वतःच धरले. "उचल तिकडून."